बत्तीस इंचांची बासरी

बालमित्रांनो, जत्रेतला बासरीवाला तुम्ही नक्की पाहिला असेल. खांद्यावर उंच काठी, काठीला वरपासून खालपर्यंत खोचलेल्या रंगीबेरंगी बासऱ्या आणि ओठांशी धरलेल्या बासरीवर चाललेलं एखादं सिनेमातलं गाणं. आपण आईकडे हट्ट करून एक बासरी घेतो, घरी येतो, जोरात फुंकतो आणि येतं काय, तर नुसतं फूऽऽऽ! चार दिवसांनी ती बासरी कपाटावर जाऊन पडते.

आता दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. मंडपात हजारो माणसं शांत बसली आहेत. मागे तानपुरे चालू आहेत, बाजूला तबला लावून ठेवला आहे. मधोमध बसलेल्या कलाकाराच्या हातातही बासरीच आहे. पण केवढी मोठी! जवळजवळ दोन हात लांब. तो डोळे मिटून एक सूर लावतो. खोल, गंभीर, घुमणारा. मग तासभर एकच राग चालतो आणि कुणी जागचं हलत नाही.

जत्रेतली बासरी बांबूची आणि ही बासरीही बांबूचीच. मग हा एवढा फरक कुठून आला? शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत एकट्या बासरीला असा मान नव्हता. सतार, सरोद, बीन, सारंगी ही मैफलीची वाद्यं. बासरी म्हणजे गुराख्याचा पावा, लोकगीतांची सोबतीण, फार तर नाटक-सिनेमातल्या वाद्यमेळातलं एक वाद्य. तिला मैफलीच्या मधोमध आणून बसवलं ते पंडित पन्नालाल घोष यांनी. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

बारिसालचा मुलगा

पन्नालालांचा जन्म जुलै १९११ मधला, बारिसाल या गावचा. नकाशात शोधायचं असेल तर बांगलादेशात शोधा. तेव्हा मात्र तो आपल्याच देशाचा भाग होता. नद्या, खाड्या, होड्या आणि भातशेतीचा हा मुलूख. त्यांचं पाळण्यातलं नाव अमलज्योती. 'पन्नालाल' हे घरातलं लाडाचं नाव, पण पुढे जगाने तेच उचललं.

घरात संगीत होतंच. आजोबा ध्रुपद गायचे. वडील अक्षयकुमार सतार वाजवायचे. आई गायची. धाकटा भाऊ निखिल पुढे मोठा तबलावादक झाला आणि त्यांनी मुंबईत 'संगीत महाभारती' ही संस्था काढली. लहानग्या पन्नालालला नदीच्या पाण्यात वाहत आलेली एक बासरी सापडली, अशी आख्यायिका सांगतात. गोष्ट छान आहे. पण नुसती बासरी सापडून कुणी वादक होत नाही, नाही का? सूर ओळखणारा कान त्यांना घरातूनच मिळाला होता.

हा मुलगा एका जागी बसून राहणारा मात्र नव्हता. व्यायामशाळेत जाऊन अंग कमवायचं, मुष्टियुद्ध खेळायचं, हा त्यांचा दुसरा नाद. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा. तरुण पन्नालालही त्यात ओढले गेले, पोलिसांच्या नजरेत आले आणि कोलकात्याला निघून गेले. तिथे पोटासाठी काम हवं होतं. हातात बासरी होती. बोलपट नुकतेच सुरू होत होते आणि 'न्यू थिएटर्स' या मोठ्या चित्रपट कंपनीला वादक लागत होते. पन्नालाल तिथल्या वाद्यमेळात बासरी वाजवू लागले.

एवढ्यावरही आयुष्य सुखाने गेलं असतं. पण त्यांना बासरीवर वाजवायचा होता राग. पुरा, सावकाश, एखादा गवई गातो तसा. आणि इथेच घोडं अडलं.

अडचण काय होती?

गाण्याच्या तासाला तुम्ही तीन सप्तकं शिकला असाल. खालचं मंद्र, मधलं मध्य आणि वरचं तार. मोठा गवई राग सुरू करतो तेव्हा घाई करत नाही. मध्य सप्तकातल्या 'सा'वर स्थिर होतो, मग हळूहळू खाली मंद्रात उतरतो. तिथे त्याचा आवाज खोल, भारदस्त होतो. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो उडी मारत नाही, घसरगुंडीवरून घसरावं तसा मधल्या सगळ्या जागांना स्पर्श करत जातो. याला म्हणतात मींड. सुरांना जोरदार हेलकावे देत जातो, ती गमक.

आता आपली छोटी बासरी घ्या. तिचा आवाज उंच आणि टोकदार. खोल आवाज तिच्यातून निघतच नाही. एखादी धून तिच्यावर गोड वाजते, पण विलंबित ख्याल वाजवायला घेतला, की ती अपुरी पडते.

दक्षिणेत परिस्थिती वेगळी होती, हेही सांगायला हवं. तिकडच्या कर्नाटक संगीतात कुंभकोणमच्या शरभ शास्त्रींनी (१८७२–१९०४) बासरीला कधीच मैफलीत आणलं होतं. ते अंध होते आणि जेमतेम बत्तीस वर्षं जगले, तरी तिकडे बासरीची परंपरा उभी राहिली. आपल्याकडच्या हिंदुस्थानी पद्धतीत मात्र असा कुणी झाला नव्हता.

पन्नालालांसमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे, 'बासरीवर इतकंच वाजतं' म्हणून गप्प बसायचं. दुसरी म्हणजे बासरीच बदलायची. त्यांनी दुसरी वाट धरली.

बाटलीचा प्रयोग

बासऱ्यांची चित्रं वर्गात दाखवली, तेव्हा चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, एवढी मोठी बासरी कशाला? मोठा आवाज यायला?" नाही. मोठा नव्हे, खालचा आवाज यायला. दोन्हींत फरक आहे. घरी करून पाहा.

एक रिकामी काचेची बाटली घ्या. तिच्या तोंडावर ओठ टेकवून आडवी फुंक मारा. घुंऽऽ असा जाडसर आवाज येईल. आता बाटली अर्धी पाण्याने भरा आणि पुन्हा फुंका. आवाज उंच, बारीक झाला ना? बाटलीत पाणी आल्यावर आतली हवा कमी झाली. कमी हवा थरथरते भराभर, म्हणून सूर उंच. जास्त हवा थरथरते सावकाश, म्हणून सूर खाली.

बासरीतही थरथरते ती आतली हवाच. नळी लांब केली, की सूर खाली उतरतो. साधारणपणे लांबी दुप्पट केली, तर सूर एक सप्तक खाली जातो.

पन्नालालांनी लहान-मोठ्या लांबीच्या बासऱ्या करून पाहिल्या. बांबूऐवजी धातूची, लाकडाची नळी वापरून पाहिली. शेवटी बांबूच सरस ठरला. लांबी ठरली सुमारे ३२ इंच. म्हणजे तुमच्या दप्तरातल्या ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर जवळजवळ पावणेतीन पट्ट्या!

पण असा बांबू मिळवणं सोपं नाही. बांबूला पेरं असतात ना उसासारखी? बासरीसाठी दोन पेरांमधला सलग पोकळ भाग लागतो. सरळ, पातळ सालीचा, कुठेही चीर नसलेला. इतकी लांब कांडी सगळ्या जातींच्या बांबूत मिळत नाही. बासरीसाठी चांगला बांबू मिळतो तो आसामकडे. उत्तर प्रदेशातलं पीलीभीत हे बासऱ्या बनवणाऱ्या कारागिरांचं प्रसिद्ध गाव. तिथेही बांबू येतो तो आसामातूनच.

बरं, बासरी लांब झाली म्हणजे काम संपलं का? छे! खरं काम तिथून सुरू झालं. नळी मोठी, म्हणून फुंक जास्त लागते. छातीचा भाता मोठा हवा. इथे व्यायामशाळेत कमावलेलं शरीर त्यांच्या कामी आलं. भोकं एकमेकांपासून लांब गेली, तेव्हा बोटं ताणावी लागली. बोटांच्या टोकांनी भोकं झाकेनात, म्हणून बोटांचा सपाट भाग वापरायला लागला. लहान बासरीवर झरझर धावणारी बोटं मोठ्या बासरीवर सुरुवातीला अडखळणारच. म्हणजे वाद्य बदललं, त्याबरोबर हाताची आणि श्वासाची जुनी सवयही मोडावी लागली.

आणखी एक खुबी ऐका. नेहमीच्या बासरीला फुंकीचं भोक सोडून बोटांसाठी सहा भोकं असतात. वरची तीन झाकली, की 'सा' वाजतो. सहाही झाकली, की मंद्र सप्तकातला 'प'. त्याच्या खाली जाता येत नाही. पन्नालालांना आणखी एक पायरी खाली उतरायचं होतं. त्यांनी खालच्या बाजूला सातवं भोक पाडलं, करंगळीसाठी. सातही भोकं झाकली, की मंद्रातला तीव्र मध्यम मिळतो. एका सुरासाठी एवढा खटाटोप? हो. कारण यमनसारखे कित्येक राग तीव्र मध्यमावाचून होतच नाहीत.

गुरू तीन, बासरीवाला एकही नाही

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सांगते. पन्नालालांना राग शिकायचा होता, पण बासरीवर राग शिकवणार कोण? ती वाट त्यांच्या आधी कुणी तुडवलीच नव्हती. मग ते गुरू शोधत निघाले आणि जिथे ज्ञान मिळेल तिथे शिष्य होऊन बसले.

त्यांचे पहिले मोठे गुरू खुशी महंमद खाँ. हे हार्मोनियमचे उस्ताद. १९३६ च्या सुमाराला पन्नालाल त्यांच्याकडे शिकू लागले. दुसरे गिरिजाशंकर चक्रवर्ती. हे बंगालमधले नामवंत गायक. आणि तिसरे मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. ते सरोदिये. पंडित रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी या सगळ्यांचे गुरू. शिस्तीचे इतके कडक, की शिष्य त्यांना चळचळा कापत.

एक पेटीवाला, एक गवई, एक सरोदिया. तिघांपैकी बासरीवादक एकही नाही! गुरू सांगत ते सूर आणि राग. ते आपल्या बांबूतून कसे काढायचे, हे शोधणं शिष्याचं काम.

यातली तारीख नीट पाहा. अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे पन्नालाल गेले ते १९४७ मध्ये. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. रेडिओवर, रेकॉर्डवर, सिनेमाच्या पाट्यांवर त्यांचं नाव झळकत होतं. एवढं नाव झालेला माणूस मुंबईतली कामं सोडून मैहरला जाऊन राहिला आणि काही महिने पुन्हा विद्यार्थी झाला. मुलांनो, सहावीत गेल्यावर चौथीचं पुस्तक उघडायला आपल्याला लाज वाटते. पन्नालालांना ती वाटली नाही.

मुंबईतले दिवस

आपण थोडे पुढे आलो. जरा मागे जाऊ. १९३८ मध्ये सरायकेला संस्थानचा छाऊ नृत्याचा ताफा युरोपच्या दौऱ्यावर निघाला. हे मुखवटे घालून केलं जाणारं नृत्य. सरायकेला आता झारखंडमध्ये आहे. या ताफ्याबरोबर पन्नालाल युरोपात जाऊन आले. आणि १९४० मध्ये ते मुंबईला आले.

मुंबईत त्यांचे मेहुणे अनिल विश्वास हे संगीतकार म्हणून नावाजलेले होते. पन्नालालांच्या पत्नी पारुल घोष या अनिलदांच्या बहीण. हिंदी सिनेमात पार्श्वगायन सुरू झालं, तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या गायिकांपैकी त्या एक. पन्नालालही सिनेमाला संगीत देऊ लागले. १९४० चा 'स्नेहबंधन' हा त्यांचा पहिला चित्रपट. १९४२ च्या 'बसंत' या बॉम्बे टॉकीजच्या गाजलेल्या चित्रपटावर संगीतकार म्हणून त्यांचं नाव आहे. या 'बसंत'मध्ये एक छोटी मुलगी पहिल्यांदा पडद्यावर दिसली होती. बेबी मुमताज. तीच पुढे मधुबाला म्हणून प्रसिद्ध झाली. तुमच्या आजीला विचारा, मधुबाला कोण! १९५१ च्या 'आंदोलन'लाही पन्नालालांचंच संगीत होतं आणि त्यात नायक होता किशोरकुमार.

सिनेमाचं गाणं तीन-चार मिनिटांचं. तेवढ्या वेळात ते लोकांच्या ओठांवर बसलं पाहिजे. राग मात्र तासभर उलगडत जातो. पन्नालालांनी दोन्ही केलं. सिनेमाने घर चालवलं, नाव दिलं, पण मैफलीतली बासरी त्यांनी सोडली नाही. पुढे १९५६ मध्ये 'बसंत बहार' आला. त्याचं संगीत शंकर-जयकिशन यांचं, पण त्यातल्या लताबाईंच्या एका गाण्याबरोबर जी बासरी वाजते, ती पन्नालालांची. गाणारीचा आवाज आणि बासरी जणू एकमेकींशी बोलत जातात.

पंचवीस-तीस वादकांचा एक सूर

त्याच १९५६ साली पन्नालालांना दिल्लीहून बोलावणं आलं. आकाशवाणीचा एक राष्ट्रीय वाद्यमेळ होता, 'वाद्यवृंद' नावाचा. तोपर्यंत तो रविशंकर सांभाळत होते. आता पन्नालाल त्याचे संचालक झाले.

हे काम फार अवघड. आपलं शास्त्रीय संगीत मुळात एकट्याचं. कलाकार त्या त्या क्षणी सुचेल तसा राग फुलवतो. वाद्यवृंदात मात्र सतार, सरोद, सारंगी, बासरी, जलतरंग असे कितीतरी वादक एकत्र बसतात. प्रत्येकाने आपल्या मनाने वाजवायचं ठरवलं, तर बाजारच भरेल! म्हणून कुणी केव्हा वाजवायचं, कुणी थांबायचं, कुठे सगळ्यांनी मिळून उसळायचं, हे आधी रचावं लागतं. आणि एवढं करून त्यातला राग हरवता कामा नये.

पन्नालालांनी अशा कितीतरी रचना केल्या. 'कलिंगविजय' हे नाव वाचलं, की इतिहासाच्या पुस्तकातला सम्राट अशोक आठवतो ना? 'ज्योतिर्मय अमिताभ' हे भगवान बुद्धांविषयीचं. 'ऋतुराज' म्हणजे वसंत. आणि 'हरियाली' म्हणजे हिरवाई. गाण्याला शब्द असतात, म्हणून अर्थ कळतो. इथे शब्द एकही नाही. सगळं सुरांनीच सांगायचं. याशिवाय दीपावली, नूपुरध्वनी, चंद्रमौळी असे नवे रागही त्यांनी निर्माण केले.

दिल्लीत आणखी कितीतरी घडलं असतं. पण वेळच मिळाला नाही. २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने पन्नालाल गेले. वय होतं अवघं अठ्ठेचाळीस.

पुढे काय झालं?

आता खरी परीक्षा होती. ज्या वाद्याला एका माणसाने मोठं केलं, ते त्या माणसाबरोबर संपेल का? जत्रेतल्या काठीवर परत जाईल का?

तसं झालं नाही. पन्नालालांनी शिष्य तयार केले होते. त्यांतले देवेंद्र मुर्डेश्वर हे त्यांचे जावईही. रघुनाथ सेठ हे आणखी एक. मुर्डेश्वरांच्या हाताखाली पुण्याचे पंडित केशव गिंडे शिकले आणि त्यांनीही बासरीवर नवे प्रयोग करून 'केशव वेणू' ही बासरी बनवली. म्हणजे शिष्याच्या शिष्यानेही 'बासरी आता पूर्ण झाली' असं मानलं नाही. ही खरी गुरूची शिकवण!

आणि एक नाव तुम्हाला ठाऊकच असेल, पंडित हरिप्रसाद चौरसिया. १९३८ मध्ये अलाहाबादला जन्मलेला हा पैलवानाचा मुलगा. १९५७ मध्ये ते कटकच्या आकाशवाणीत बासरीवादक म्हणून लागले. मुंबईला आल्यावर त्यांनी गुरू केलं ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्येला, अन्नपूर्णादेवींना. तेही तेव्हा नाव झालेले वादक होते आणि तेही नव्याने शिकायला बसले. शिवकुमार शर्मांबरोबर 'शिव-हरी' या नावाने त्यांनी 'सिलसिला' (१९८१), 'चांदनी' (१९८९) अशा चित्रपटांना संगीत दिलं. त्यांची बासरी सहा भोकांची. वाजवण्याची ढब वेगळी. पण लांब बासरीवर, मैफलीच्या मधोमध बसून, तासभर राग वाजवायचा ही वाट मात्र पन्नालालांनी घालून दिलेली.

पालकांसाठी दोन शब्द. मुलाने 'मला बासरी शिकायची आहे' म्हटलं, की आपण लगेच विचारतो, 'त्याचा उपयोग काय? पुढे काय करणार?' विचारणं चूक नाही. पन्नालालांनाही पोटाची काळजी होतीच आणि सिनेमाच्या वाद्यमेळात बसून त्यांनी ती निभावली. पण मुलगा काय शिकतो यापेक्षा किती मनापासून शिकतो, हे पाहण्याची सवय आपल्याला लागली, तर मुलांचं भलं होईल. पन्नालालांची रेकॉर्डिंग्ज आता सहज ऐकायला मिळतात. एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद करून त्यांनी वाजवलेला यमन मुलांबरोबर बसून ऐका. पहिली पाच मिनिटं मुलं चुळबुळ करतील. करू द्या.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. पुढच्या वेळी टीव्हीवर किंवा प्रत्यक्ष मैफलीत कुणी मोठी बासरी वाजवताना दिसलं, तर त्यांच्या खालच्या हाताची करंगळी बघा. करंगळी मोकळी असेल, तर बासरी सहा भोकांची. ती एखाद्या भोकावर ठेवलेली दिसली, तर शेजारच्याला हळूच सांगा, "ते सातवं भोक आहे ना, ते पन्नालाल घोषांनी पाडलं!"